हात पुढे जातो त्या क्षणी

गणेश चतुर्थीची सकाळ. मोदकपात्रातून काढलेले उकडीचे मोदक केळीच्या पानावर मांडून झालेत, वाफ अजून निघतेय. ओट्याशी आठ वर्षांचा नातू उभा. आजी त्याला विचारते, "नैवेद्य दाखवायच्या आधी काय नाही करायचं?" तो पटकन म्हणतो, "हात नाही लावायचा." वाक्य अजून तोंडात आहे आणि त्याची दोन बोटं कडेच्या मोदकात पार सारणापर्यंत गेलेली. मी त्या घरी आरतीला गेले होते, ओट्यापासून दोन हातांवर उभी होते. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. बोटांना गूळ चिकटलेला, आणि तो स्वतःच्याच हाताकडे बघत होता. हा इथे कसा पोचला, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. पुढचं तुम्हाला सांगायला नको. आजीच्या डोळ्यांत पाणी, बाबांचा चढलेला आवाज, आणि आई गप्प. कारण 'तूच लाडावून ठेवलाय' हे तिनं वर्षभर ऐकलेलं.

या मुलाला पुढे काही महिन्यांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा या अवस्थेचं, निदान झालं. शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांमध्ये ही अवस्था आढळते, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघं तरी. मी विशेष शिक्षिका म्हणून अशा मुलांबरोबर काम करते. पालकांना पहिल्या भेटीत जे सांगते, तेच इथे लिहिते आहे. त्या मुलाला नियम माहीत होता, त्यानं तो स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवला. ज्ञान कमी पडलं नाही आणि संस्कारही कमी पडले नाहीत. कमी पडला तो हात निघण्याच्या आणि हात पोचण्याच्या मधला एक क्षण. म्हणून मदतही त्या क्षणाला, त्या ओट्याशीच पोचली पाहिजे. आदल्या रात्रीचा उपदेश आणि नंतरची शिक्षा, दोन्ही त्या क्षणापासून फार लांब राहतात.

चिमणी भुर्र, म्हैस भुर्र

मेंदूत त्या क्षणी काय होतं ते समजायला 'चिमणी भुर्र' हा खेळ आठवा. गोल बसायचं, जमिनीवर बोट टेकवायचं. 'चिमणी भुर्र' म्हटलं की बोट वर. 'कावळा भुर्र', वर. 'पोपट भुर्र', वर. मग मध्येच 'म्हैस भुर्र', आणि ज्याचं बोट उचललं गेलं तो बाद. म्हैस उडत नाही हे कोणाला ठाऊक नाही? पण तीनदा वर गेलेलं बोट चौथ्यांदा आपोआप सुटतं. ते धरून ठेवायला मेंदूला वेगळं काम करावं लागतं.

मेंदूचे अभ्यासक प्रयोगशाळेत जवळजवळ हाच खेळ खेळवतात. पडद्यावर एक अक्षर आलं की बटण दाबायचं, ठरलेलं दुसरं अक्षर आलं की हात आवरायचा. याहून अवघड प्रकार असा, की दाबण्याची खूण आधी येते, बोट निघतं, आणि मग मागून थांबण्याची खूण येते. निघालेलं बोट थांबवायला किती वेळ लागतो याचं गणित गॉर्डन लोगन या मानसशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये सहकाऱ्याबरोबर बसवून दिलं. मोठ्या माणसाला हे थांबणं साधारण पाव सेकंदाच्या आतबाहेर जमतं. एडीएचडी असलेल्या मुलांना त्यांच्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा सरासरीनं जास्त वेळ लागतो. हा फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा असतो, पण बोटं मोदकापर्यंत पोचायला तेवढा उशीरही पुरतो.

थांबवण्याचं हे काम मुख्यतः कपाळामागचा भाग करतो. त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, आणि थांबण्याच्या कामात त्याची उजवी बाजू विशेष पुढे असते. मेंदूच्या आत खोलवर असलेले काही गाभे त्याला साथ देतात. १९९९ मध्ये लंडनमध्ये कात्या रुबिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून हा थांबण्याचा खेळ खेळायला लावला. एडीएचडी असलेल्या मुलांच्या कपाळामागच्या उजव्या भागांत त्या वेळी इतरांपेक्षा कमी हालचाल दिसली. पुढे अनेक अभ्यासांत, थोड्याफार फरकानं, हेच चित्र दिसत आलं आहे. या भागांमधले निरोप डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवर चालतात. औषधाचा विषय पुढे येईल तेव्हा ही दोन नावं लक्षात असू द्या.

पालकांना मात्र मी सर्वांत आधी २००७ चा एक अभ्यास सांगते, कारण तो ऐकून त्यांचे खांदे सैल पडताना मी पाहिले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी ४४६ मुलांच्या मेंदूची चित्रं तपासली. त्यांतल्या निम्म्यांना एडीएचडी होतं. मूल वाढतं तसा मेंदूचा बाहेरचा थर जाड होत जातो, एका वयात त्याची जाडी शिगेला पोचते आणि मग तो पातळ होऊ लागतो. हा टप्पा इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांला आला, एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाला. क्रम तोच होता, वेळ उशिराची. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. हालचाल घडवणारा भाग मात्र या मुलांमध्ये थोडा लवकरच तयार झालेला दिसला. बैल तरणाताठा आणि कासरा धरणारा हात अजून पोराचा, अशी ही अवस्था आहे.

यावरून घरी काय करायचं? रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञांनी एक ढोबळ अंदाज दिला आहे: स्वतःला आवरण्याच्या बाबतीत मूल त्याच्या वयाच्या साधारण तीस टक्के मागे आहे असं धरून चाला. नऊ वर्षांच्या मुलाकडून सहा वर्षांच्या मुलाइतक्या ताब्याची अपेक्षा ठेवा. हे काही मोजमाप नव्हे, पण रोजच्या निर्णयांना फार उपयोगी पडतं. सहा वर्षांच्या मुलाला आपण एकट्याला हमरस्ता ओलांडू देत नाही, विसर्जनाच्या गर्दीत त्याचा हात सोडत नाही, गच्चीत पतंग उडवताना कठड्याशी एकटा ठेवत नाही. मग या नऊ वर्षांच्या मुलालाही तसं सोडू नका, शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा एकटा शिकवणीला जात असला तरी. अशा मुलांना अपघात जास्त होतात, म्हणून या एका बाबतीत मी पालकांशी अजिबात तडजोड करत नाही.

फसगत होते ती बुद्धीमुळे. बुद्धी वयाइतकी असते, कित्येकदा वयाच्या पुढे असते. जो मुलगा ग्रहांची नावं आणि त्यांचे उपग्रह घडाघडा सांगतो, तो रांगेत दोन मिनिटं उभा राहू शकत नाही हे आपल्याला पटत नाही. मग आपण म्हणतो, मुद्दाम करतो.

"पण मोबाईलवर दोन तास हलत नाही, तेव्हा बरं लक्ष लागतं!" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. त्यात खोटं काही नाही. मोबाईलवरचा खेळ दर दोन-तीन सेकंदांनी काहीतरी देतो: गुण, आवाज, रंग. तिथे बक्षीस लांब नसतं, म्हणून वाट बघावी लागत नाही. गृहपाठाचं बक्षीस परीक्षेत, परीक्षेचं निकालात, निकालाचं पुढे कधीतरी. या मुलांना लांबचं बक्षीस फार फिकं दिसतं आणि वाट बघणं इतर मुलांपेक्षा जास्त टोचतं. त्यामुळे मोबाईलवर रमणं हा निदानाविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

चित्रावरून निदान होत नाही

इथे एक सावधगिरी सांगणं माझं कर्तव्य आहे. वर सांगितलेले फरक शेकडो मुलांची सरासरी काढल्यावर दिसतात. एका मुलाचा एमआरआय बघून त्याला एडीएचडी आहे की नाही हे कोणीही सांगू शकत नाही. मेंदूच्या विद्युत्‌लहरी मोजून निदान करण्याचा दावाही होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ मध्ये अशा एका तपासणीला पूरक साधन म्हणून परवानगी दिली होती, पण २०१६ मध्ये तिथल्याच मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीनं, या मोजणीवर निदान करू नये, असं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे 'ब्रेन मॅपिंग'च्या नावाखाली रंगीत नकाशे काढून दिले जातात, बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू वाचून देणारेही आहेत. ठशांच्या त्या चाचणीला शास्त्राचा आधार नाही. त्यासाठी काढून ठेवलेले पैसे एखाद्या चांगल्या समुपदेशकाकडे सहा वेळा जायला पुरतील.

निदान होतं ते बोलण्यातून आणि बघण्यातून. बालमनोविकारतज्ज्ञ, विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मुलाशी आणि तुमच्याशी सविस्तर बोलतात, शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतात. मनोविकारांच्या २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेप्रमाणे लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आहेत, अतिचंचलता आणि उतावळेपणाची नऊ. दोन्हींपैकी एका यादीतली किमान सहा लक्षणं, सहा महिने तरी, वयाच्या मानानं जास्त, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांतली काही बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असायला हवीत. फक्त एकाच शिक्षकाच्या तासाला मूल बेफाम होत असेल, तर आधी त्या तासाकडे बघावं लागेल.

त्याआधी काही साध्या गोष्टी बघून घ्या. ऐकू नीट येतं का, फळ्यावरचं दिसतं का, रक्त कमी आहे का. रात्री घोरतं का, तोंडानं श्वास घेतं का. झोप तुटणारं मूल दिवसा अगदी एडीएचडीसारखंच वागतं. साखरेनं मूल चढतं ही समजूत फार खोल आहे, पण १९९५ पर्यंतचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा साखरेचा वागण्यावर परिणाम दिसला नाही.

आणि मुलींकडे बघा. मुली बहुतेक वेळा धावत नाहीत. खिडकीतून बाहेर बघत बसतात, डबा शाळेत विसरतात, किंवा सतत बोलतात. प्रगतिपुस्तकात 'हुशार आहे पण आळशी' असा शेरा पडतो आणि तिथेच ते प्रकरण संपतं. अशा किती मुली निदानाविना मोठ्या झाल्या, हा विचार मला अस्वस्थ करतो.

'दिसलं की' चं वाक्य

आता त्या ओट्याशी परत जाऊ. हात निघण्याच्या क्षणी मुलाच्या डोक्यात 'हात लावायचा नाही' हे वाक्य होतंच. तरी ते उपयोगी पडलं नाही, कारण त्यात काय करायचं नाही ते होतं, काय करायचं ते नव्हतं, आणि कधी करायचं तेही नव्हतं. पीटर गोल्विट्झर हे मानसशास्त्रज्ञ 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा बांधणीच्या वाक्यांवर अनेक वर्षं काम करत आले आहेत. २००८ मध्ये कातेरिना गाव्रिलोव आणि त्यांनी मिळून हे एडीएचडी असलेल्या मुलांवर तपासलं. बटणाचाच खेळ होता. काही मुलांनी नुसतं ठरवलं, की त्या चित्राला दाबायचं नाही. काही मुलांनी ठरवलं, 'ते चित्र दिसलं की मी दाबणार नाही.' दुसऱ्या गटातल्या मुलांचं थांबणं इतर मुलांच्या बरोबरीला आलं. अशा मुलांच्या विद्युत्‌लहरी मोजल्या तेव्हा, थांबण्याच्या कामाशी जोडलेली एक लहरही या वाक्यानं वाढलेली दिसली. एवढ्याशा वाक्यानं! मला हे वाचून झालेला आनंद अजून आठवतो. कारण हे वाक्य फुकट आहे, कुठल्याही घरात बनवता येतं.

ते बनवायचं कसं ते नीट सांगते, कारण चुकतं ते इथेच. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात डोळ्यांना दिसणारी किंवा कानांना ऐकू येणारी गोष्ट हवी: घंटा, पान, दार, फटाका, दादाची वही. 'राग आला की' हे पहिलं वाक्य म्हणून नको. राग आलाय हे त्या मुलाला कळतं तोवर वही फाटलेली असते. दुसऱ्या अर्ध्यात शरीरानं करायची, हाताला काम देणारी एक कृती हवी. 'शहाण्यासारखा वागेन' ही कृती नाही. 'हात खिशात घालीन' ही कृती आहे. वाक्य मुलाच्या शब्दांत असावं, मोठ्यानं म्हणावं, आणि त्याच जागी उभं राहून पाच-सहा वेळा खेळून बघावं. बसून पाठ करून घेऊ नका. दाराची घंटा वाजली की पळत सुटणाऱ्या मुलाबरोबर तुम्ही खरोखर घंटा वाजवा, तो सोफ्याच्या हाताला हात लावून 'कोण आहे?' असं विचारेल, मग तुम्ही दोघं मिळून दाराकडे जा. पुन्हा घंटा, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेपर्यंत तो हसायला लागतो.

मोदकवाल्या मुलानं स्वतःसाठी केलेलं वाक्य असं होतं: "पान दिसलं की हात पाठीमागे आणि मोजणी." पुढच्या चतुर्थीला आईनं रिकाम्या पानावर सुपाऱ्या मांडून दोन दिवस आधी तालीम घेतली. त्या दिवशी त्यानं पाठीमागे एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं आणि एक ते एकवीस मोजलं. आरती सुरू झाली नव्हती, म्हणून परत एकपासून मोजलं. आजी निरांजनात वात घालता घालता थांबून त्याच्याकडे बघत राहिली. तीन दिवसांनी गौरी जेवल्या त्या दिवशी त्यानं पुरणाच्या पातेल्यात बोट घातलं. बाबा म्हणाले, बघा, पुन्हा तेच. पण पातेल्यासाठी वाक्य केलंच नव्हतं! या मुलांचं एका ठिकाणचं शिकणं दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोचत नाही. प्रत्येक जागेला तिचं वाक्य लागतं, म्हणून एका वेळी एक-दोन जागाच निवडा, जिथे रोज भांडण होतं त्या.

वाक्यासोबत बक्षीस लागतं, आणि ते त्याच घडीला लागतं. एका काचेच्या बरणीत चिंचोके टाकण्याची पद्धत मी बहुतेक घरांना सांगते. वाक्याप्रमाणे वागला की लगेच एक चिंचोका, मुलानं स्वतः टाकायचा. बरणीत पडतानाचा तो टणक आवाज महत्त्वाचा आहे. बक्षीस तिथल्या तिथे मिळाल्याचं कानांना कळतं. दहा चिंचोक्यांना आज संध्याकाळी मिळेल असं काहीतरी: बाबांबरोबर एक डाव कॅरम, झोपताना जास्तीची एक गोष्ट. 'वार्षिक परीक्षेत नव्वद टक्के, मग सायकल' हे या मुलाच्या मेंदूसाठी बक्षीसच नाही. सुरुवातीला चिंचोका सहज मिळेल असं ठेवा. पहिल्या दिवशी बरणी रिकामी राहिली तर दुसऱ्या दिवशी मूल बरणीकडे बघणार नाही. आणि रागाच्या भरात मिळवलेले चिंचोके काढून घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी नवलाई संपते, तेव्हा बरणी बदला, चिंचोक्यांऐवजी मणी आणा, बक्षीस मुलाला निवडू द्या. पद्धत निकामी झाली असं समजून सोडून देणारे पालक मी बरेच पाहिलेत. पद्धत शिळी झालेली असते, इतकंच.

सूचना देताना जवळ जा. स्वयंपाकघरातून ओरडून दिलेली तीन कामांची यादी त्याच्यापर्यंत पोचत नाही. खांद्यावर हात, डोळ्यांत डोळे, एक काम, चार शब्द. ते झालं की दुसरं.

मोह नजरेआड ठेवणं यात कमीपणा काही नाही. कात्री, काडेपेटी, स्कूटरची किल्ली वरच्या फळीवर. अभ्यासाच्या टेबलावर एकच वही. वेळ डोळ्यांना दिसेल असं वाळूचं घड्याळ किंवा काट्यांचं घड्याळ समोर, आणि दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे. अभ्यासाच्या आधी वीस मिनिटं घाम येईल असं काही करू द्या: सायकल, सूर्यनमस्कार, मल्लखांब, नुसतं इमारतीभोवती पळणं. इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांच्या गटानं २०१३ मध्ये आठ ते दहा वर्षांच्या वीस एडीएचडी असलेल्या मुलांना वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं, आणि नंतर वाचन, गणित आणि स्वतःची चूक सावरणं या सगळ्यांत फरक पडला. अभ्यास छोटा आहे, पण तोटा काहीच नाही. खेळाचा तास बंद करणं ही मात्र अशा मुलाला देता येईल ती सर्वांत चुकीची शिक्षा. संगणकावर मेंदूचा व्यायाम करून घेणारे खेळ विकत घेऊ नका. मूल त्या खेळात पटाईत होतं, पण गृहपाठ आणि वागणं जवळपास होतं तिथेच राहतं.

आणि जे व्हायचं ते होऊन गेल्यावर? दूध सांडलं, पेन मोडलं, बहिणीला ढकललं. त्या वेळी व्याख्यान देऊ नका, मूल ते ऐकत नसतं. फडकं त्याच्या हातात द्या, तुम्हीही एक घ्या, दोघं मिळून पुसा. मग त्याला घेऊन तीच घटना पुन्हा करून बघा, या वेळी वाक्यासकट. मारू नका. माराची भीती नंतरची असते, आणि त्याची अडचण आधीच्या पाव सेकंदात आहे. मारानं त्याला एवढंच कळतं, की आपण वाईट आहोत.

शाळेत काय मागायचं

शिक्षकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, दोन-तीन नेमक्या मागण्या घेऊन जा. पहिला बाक, खिडकी आणि दारापासून लांब, शांत मुलाच्या शेजारी. दर अर्ध्या तासाला उठायला मिळेल असं काम: वह्या वाटणं, फळा पुसणं, कार्यालयात चिठ्ठी देणं. बाईंची आणि त्याची एक गुपित खूण, उदाहरणार्थ बाकावर दोन बोटं टेकणं, म्हणजे चारचौघांत नाव घेऊन ओरडावं लागणार नाही. आणि एक छोटं कार्ड, ज्यावर प्रत्येक तासाअखेर एक बरोबरची खूण होईल आणि घरी आल्यावर त्याचे चिंचोके होतील. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एका बाईंवर किती भार असतो ते मी आतून पाहिलं आहे, म्हणून यापेक्षा जास्त मी मागत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. पण या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र असतात, म्हणून वाचन-लेखनातही मूल अडत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. परीक्षेतल्या सवलती त्या प्रमाणपत्रावर मिळतात.

गोळीबद्दल

औषधाचा विषय निघाला की खोलीतली हवा बदलते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांचं प्रशिक्षण, वर लिहिलं तसलंच. त्यापुढच्या वयात त्रास मध्यम किंवा तीव्र असेल तर डॉक्टर औषध सुचवतात. सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट. ते डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन लवकर ओढून घेतलं जाऊ देत नाही, त्यामुळे कपाळामागच्या भागाला आपलं काम करायला ती पुरतात. उत्तेजक औषधानं मूल शांत कसं होतं, या प्रश्नाचं उत्तर हेच: उत्तेजन लगाम धरणाऱ्या भागाला मिळतं. १९३७ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना अशाच जातीचं एक औषध देऊन पाहिलं, तेव्हा निम्म्याच्या आसपास मुलांचा अभ्यास ठळकपणे सुधारला. मुलं त्यांना अंकगणिताच्या गोळ्या म्हणू लागली.

ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि तसंच असायला हवं. भूक कमी होते, म्हणून गोळीच्या आधी पोटभर न्याहारी आणि संध्याकाळी भूक परत येते तेव्हा खरं जेवण. झोप उशिरा लागू शकते. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब ठरावीक काळानं तपासावा लागतो. एखाद्या मुलाला एक औषध सोसत नाही, मग ॲटोमोक्सेटिनसारखं वेगळ्या प्रकारचं औषध असतं. मूल मलूल, हरवल्यासारखं दिसू लागलं तर ते यश समजू नका, डॉक्टरांना सांगा. आपल्या मनानं डोस बदलू नका, मावसभावाच्या गोळ्या देऊ नका.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या मोठ्या अभ्यासात, काळजीपूर्वक दिलेलं औषध मुख्य लक्षणांवर नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त परिणामकारक ठरलं. दोन्ही मिळून दिल्यावर कमी डोस पुरला आणि घरातलं नातंही सुधारलं. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटांमधला तो फरक उरला नव्हता. मी त्यातून एवढंच घेते, की गोळी असो वा बरणी, एकदा करून सोडून देण्यासारखं यात काही नाही.

घरातल्यांसाठी दोन शब्द. एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे; जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. म्हणून आईनं लाडावल्यानं हे झालं, हा आरोप आजच्या आज थांबला पाहिजे. बाबा जेव्हा म्हणतात, "मीही लहानपणी अस्साच होतो, काही बिघडलं का माझं?" तेव्हा मी त्यांना विचारते, तुम्हाला तेव्हा किती मार बसला? बहुतेक जण गप्प होतात. त्या गप्प बसण्यानंतर आमचं काम खऱ्या अर्थानं सुरू होतं.

कुठे जायचं? सरकारच्या २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची ज्या ३० स्थितींसाठी तपासणी होते, त्यांत एडीएचडी आहे. शाळेत किंवा अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला नेमकं नाव घेऊन सांगा, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मागा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार आणि बालरोग विभाग असतात. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलून जवळची सोय विचारता येते.

पहिल्या भेटीला जाताना जुनी प्रगतिपुस्तकं आणि वह्या बरोबर न्या. शिक्षकांचे हातानं लिहिलेले शेरे डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. आदल्या दोन आठवड्यांतले पाच प्रसंग तारखेसह लिहून न्या: आधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, नंतर तुम्ही काय केलंत. त्यात एक तरी प्रसंग असा असू द्या, की ज्यात त्यानं स्वतःला आवरलं. आणि घरातून निघण्याआधी मुलाला खरं सांगा, इंजेक्शन नाही हेही सांगा. एका आईनं आपल्या मुलीला रिक्षात बसण्यापूर्वी सांगितलेलं मला आवडलं होतं: "तुझा हात तुझ्या आधी पळतो ना, त्याला तुझ्याबरोबर चालायला कसं शिकवायचं ते विचारायला आपण दोघी चाललोय." मुलीनं विचारलं, "तुझा पण पळतो?" आई म्हणाली, "माझं तोंड पळतं."